चारोळीच्या मापाचा पिंजरा

हो, वरची मावशी खरंच मीठ धरायचे पिंजरे बनवायची. ती तुमची थट्टा करत नव्हती.

सानिका, तू परवा फोनवर म्हणालीस की शाळेत बॅटरीवर प्रकल्प आहे, आणि मागून ओजस ओरडला, "मावशीच्या टोपल्या सांग!" तेव्हाच ठरवलं की तिच्याबद्दल नीट लिहून पाठवावं. फोनवर सांगायला गेले की तुमची आई घड्याळाकडे बघते आणि माझं निम्मं राहून जातं.

ती आपल्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा तुमच्या आईचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मी चंद्रपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि ती नुकतीच तिथे रसायनशास्त्र शिकवायला लागली होती. मूळची सिंदेवाहीची, घरची धानाची शेती. खोली बघायला आली आणि खोलीकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे मिटून तोंडात घोळवलं.

"कॅल्शियम लय आहे, बाई. मॅग्नेशियमबी आहे. पाणी उकळून पीत जा." मग डोळे उघडून म्हणाली, "खोली चांगली आहे. घेतली."

"अगं, पण तू बघितली कुठे?"

"पाणी पाह्यलं ना. खोलीचं काय, चार भिंती असतेत."

मी नियमांचा कागद तयार ठेवला होता. तो तिनं घडी करून पर्समध्ये टाकला आणि पुढच्या इतक्या वर्षांत कधी उघडला असेल असं वाटत नाही.

माणसं तिला नावानं लक्षात राहत नसत, क्षारांनी राहत. दूधवाला सोडियम, कारण तो कुठेही, कुणाशीही लगेच मिसळतो. प्राचार्य पोटॅशियम, कारण शरीरानं मोठे आणि पाण्याचा थेंब पडला की भडकणारे. मी मॅग्नेशियम. "तुम्ही एका हातानं धरत नाई बाई, दोन्ही हातांनी धरता. सुटका नाई माणसाची." सानिका, तू सोडियम होतीस. ओजस, तू लिथियम, कारण पाहुणे आले की तू आईच्या ओढणीत स्वतःला गुंडाळून घ्यायचास आणि ओढलं तरी बाहेर येत नसायचास. लिथियमही असाच असतो, असं ती म्हणायची. सगळ्यांत लहान, सगळ्यांत लाजाळू, आणि पाण्यात पडला की पाण्याचेच चार पदर अंगावर ओढून बसणारा.

हा लाजाळू लिथियम तिचं आयुष्यभराचं वेड होता. आपल्या मोबाइलची, सायकलची, ई-रिक्षाची बॅटरी त्याच्यावर चालते. "आपल्या चंद्रपुराच्या जमिनीत कोळसा आहे," ती वर्गात सांगायची, "लिथियम नाई. पण थो घराघरात ड्रॉवरमधी मरून पडला आहे. काढून घ्या की!" बाद झालेल्या बॅटरीतला काळा चुरा आम्लात विरघळवला की त्याचं एक कढण होतं. त्यात लिथियम असतो, पण त्याच्यासोबत सोडियम, पोटॅशियम आणि इतर बरीच मंडळी असतात, लिथियमपेक्षा कितीतरी जास्त. त्या गर्दीतून एकट्या लिथियमच्या मिठाला ओळखून उचलणारा रेणू तिला बनवायचा होता. पुस्तकात त्याला रिसेप्टर म्हणतात. ती पिंजरा म्हणायची.

बॅटऱ्या ती कुठून मिळवायची ते तुमच्या आईला विचारा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आलेल्या बायकांना वाण म्हणून चारोळीची पुडी द्यायची, आणि त्याच हातानं पिशवी पुढे करायची.

"बंद पडलेला मोबाइल आहे का जी घरी?"

"अवं माय, हे काय हळदीकुंकू का भंगारवाला?" शेजारच्या काकू म्हणायच्या.

"भंगारवाला पैसे देते. मी चारोळी देऊन राह्यली. पाहा, कोण परवडते."

पुढे पुढे आपल्या गल्लीत कुणाचा मोबाइल फुगला की लोक तो दाखवायला दुकानात न नेता आपल्या अंगणात आणून ठेवू लागले. मी त्यासाठी वाळूनं भरलेली लोखंडी बादली ठेवली आणि वर पाटी लावली. पाटी वाचून माणसं बॅटऱ्या बादलीच्या शेजारी ठेवून जात.

ती टोपल्यांची गोष्ट अशी. पिंजरा डोळ्यांना दिसत नाही. महिनोन् महिने खपून शेवटी हाताला येते ती चमचाभर पांढरी भुकटी, आणि त्या भुकटीच्या प्रत्येक कणात असंख्य पिंजरे. विद्यार्थ्यांना ते कळावं म्हणून ती मूलच्या बाजारात एका बुरडाकडे गेली. मी सोबत होते, मला सूप हवं होतं. बुरड म्हातारा होता आणि त्याला वाटलं की ही बाई भाव पाडायला काहीतरी खोड काढते आहे.

"बाई, एवढीशी टोपली? याच्यात ठेवता काय?"

"मीठ."

"मीठ तं गळून जाईन!"

"बरोबर. सगळं गळून गेलं पाहिजे. फक्त एक मीठ गळू नये."

म्हातारा माझ्याकडे वळला. "यायच्या घरचं कोणी नाई का जी सोबत?"

तरी त्यानं टोपल्या विणल्या, आणि फार सुंदर विणल्या. त्यात ती चारोळी, बोर आणि आवळा घेऊन बसायची. चारोळी म्हणजे लिथियम, बोर म्हणजे सोडियम, आवळा म्हणजे पोटॅशियम. मोठ्या टोपलीत चारोळी टाकली की फटीतून खाली पडते. लहान टोपलीच्या तोंडातून बोर आत जातच नाही. चारोळी जिथे चारी बाजूंनी टेकेल आणि निसटणार नाही, असं नेमकं माप काढायचं. ओजस, तू त्या वेळी चारोळ्या खात होतास, म्हणून तुझा प्रयोग कधीच पुरा झाला नाही.

पण मापानं सगळं भागत नाही. लिथियम एकटा येत नाही. त्याच्या मिठात त्याचा एक जोडीदार असतो, क्लोराइड, आणि तो बाहेर राहिला तर लिथियमही फार वेळ आत टिकत नाही. "नवरीले मांडवात घेतलं अन् नवरदेवाले गेटवर उभं केलं, तं लग्न लागीन का?" म्हणून तिच्या पिंजऱ्यात दोन जागा होत्या, शेजारी शेजारी. एक त्याची, एक तिची.

हे खूळ तिनं तुमच्या आईच्या लग्नातही चालवलं. पंगतीची व्यवस्था मी तिच्यावर सोपवली होती. आपल्याकडे पुरुषांची पंगत आधी उठते, बायका मागून बसतात. हिनं पानं जोडीनं मांडली आणि नवरा-बायको शेजारी बसल्याशिवाय वाढायचं नाही असं वाढप्यांना बजावलं. माझ्या मोठ्या जाऊबाई नवऱ्याशेजारी बसून पंगतीत जेवल्या, जन्मात पहिल्यांदा. दोघंही वधूवरांपेक्षा जास्त लाजले. तुमचे आजोबा मला म्हणाले, "पुढच्या वेळी हिला अक्षता वाटायचं काम दे." पण नंतर मला त्यांच्या पानातली जिलबी दिली, ती कोण बघतंय याची पर्वा न करता.

तुम्ही पहिल्यांदा ताडोबाला गेलात ते आठवतं का? मोहर्लीच्या गेटातून जीप आत गेली आणि तळ्याकाठी वाघीण अगदी रस्त्यालगत बसलेली दिसली. सगळे श्वास रोखून बघत होते. मावशी पाठ फिरवून उलट्या दिशेला बघत होती. तिकडे एका बाभळीला सुगरणीची जुनी वाळलेली घरटी लटकत होती.

गाइड बिचारा कुजबुजत होता, "मॅडम! वाघ! इकडे, इकडे!"

"थांब ना भाऊ. घर पाहून राह्यली मी. दार खालून ठेवलं आहे पाहा हिनं. साप वरून येईन हे तिले माहीत आहे."

"मॅडम, लोक दिल्लीहून येतात हो वाघ पाहायला."

"तं त्यायले दाखव ना तू. मी कुठं नाई म्हटलं."

वाघीण उठून गेली. मावशीनं ती पाहिलीच नाही, आणि परतीच्या वाटेवर तिला त्याची काडीइतकीही खंत नव्हती.

विचार करायची तिची एक रीत होती, आणि ती लोकांना वेडगळ वाटे. एखादा प्रयोग अडला की ती स्वतः लिथियम व्हायची. "मी लिथियम असती तं?" असं म्हणून पायऱ्यांवर, जिन्यात, एकदा तर प्राचार्यांच्या खोलीतल्या सोफ्यावर अंग चोरून बसायची आणि कुठून वारा लागतो, कुठे टोचतं, कुणाचा धक्का बसतो ते मोठ्यानं बोलायची. नवे विद्यार्थी घाबरत. जुने शांतपणे पिपेट धूत राहत.

तिच्या या जुन्या विद्यार्थ्यांतली वनिता तुम्ही पाहिली आहे. गडचिरोलीत धानोऱ्याच्या पलीकडच्या गावाची गोंड मुलगी. घरी थोडं धान, आणि उन्हाळ्यात मोहफुलं न् तेंदूपत्ता. बीएस्सीला आली तेव्हा वर्गात तोंड उघडत नसे. मावशीनं तिला लिथियम ठरवलं आणि त्यानंतर कधी नजरेआड होऊ दिलं नाही. पीएचडीही तिच्याच हाताखाली. दोन जागांचा तो पिंजरा आखला मावशीनं, पण घडवला वनितेनं. आणि त्याची सगळ्यांत मोठी गंमत तिनेच दाखवली होती. पकडण्याची नव्हे, सोडण्याची.

कारण असं आहे, सानिका, आणि हे तुझ्या प्रकल्पात जरूर लिही. पकडणारे रेणू पुष्कळ आहेत. पण मीठ धरून बसणारा आणि न सोडणारा पिंजरा एकदाच वापरता येतो, मग टाकून द्यावा लागतो. वनितेचा पिंजरा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा. त्यात बॅटरीचं कढण घालून हलवलं की क्लोरोफॉर्म जड म्हणून खाली बसतं आणि लिथियमचं मीठ पिंजऱ्यात शिरून त्याच्यासोबत खाली येतं. बाकीचे क्षार वरच्या पाण्यात राहतात. मग वरचं पाणी काढून नुसतं स्वच्छ पाणी घालून पुन्हा हलवायचं. पिंजरा लिथियमला त्या पाण्यात सोडून देतो आणि रिकामा होऊन पुढच्या खेपेला तयार. ना आम्ल, ना आणखी काही. साधं पाणी. वनितेनं एकाच पिंजऱ्यात पुन्हा पुन्हा मीठ धरून सोडलं होतं.

हे काम तिनं उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत केलं, कारण एरवी ती एका कॉलेजात तासांवर शिकवत असे. आणि उन्हाळ्यात आपल्या गावात क्लोरोफॉर्मची बाटली उघडणं म्हणजे काय असतं ते विचारू नका. बूच आपणहून उडतं. दुपारी कॉलेजची वीज बंद, म्हणून मावशी बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून स्कूटरवरून घरी आणायची. पहिल्या दिवशी ती बाटली मला माझ्या फ्रिजमध्ये, लिंबाच्या लोणच्याशेजारी सापडली. त्या दिवशी आमच्यात जे संभाषण झालं ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जुना फ्रिज विकत आणून जिन्याच्या वळणावर ठेवला. तुम्ही ज्याला 'भुताचा फ्रिज' म्हणायचात तो हाच.

वनितेचा प्रबंध तपासायला गेला. बाहेरचे परीक्षक दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतले वयस्क प्राध्यापक होते आणि याच विषयात त्यांचं आयुष्य गेलं होतं. असं सहसा कुणी करत नाही, पण त्यांनी वनितेचा पिंजरा आपल्याकडे बनवून घेतला आणि प्रयोग करून पाहिला. दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला. पिंजरा पकडतो, उत्तम पकडतो, सोडत मात्र नाही. कितीही पाणी घातलं तरी सोडत नाही. तोंडी परीक्षेला मी येतो, आपल्या हातानं करून दाखवा.

सभ्य शब्दांत लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ कुणाला न कळण्यासारखा नव्हता. आकडे घरी बसून लिहिलेत असा तो अर्थ होता. गडचिरोलीच्या कॉलेजात वनितेला लागणारी नोकरी याच पदवीवर अडलेली होती. स्टाफरूममध्ये एक गृहस्थ चहा ढवळत म्हणाले, "जंगलातली पोरगी. घाई केली असेल." मावशी तिथेच होती. तिनं त्यांच्या कपातला चमचा काढून घेतला.

"थे पोरगी सहा महिने एका पिंजऱ्यासाठी भांडे घासत होती. तुम्ही स्वतःचा कप तरी घासता का सर?"

 मावशीनं आणि वनितेनं प्रयोग पुन्हा केला. पिंजऱ्यानं सोडलं नाही. नवी भुकटी बनवली, भांडी बदलली, पाणी नव्यानं काढलं. नाही सोडलं.  मावशी जिन्यात लिथियम होऊन बसायची, पण बोलायची नाही. मी म्हटलं, तारीख पुढे ढकलून घे.

"नाई बाई. पुढं ढकललं तं लोक म्हणतीन, लपवून राह्यल्या. जे आहे थे दाखवू. पोरगी खोटं बोलली नाई. मले माहीत आहे."

"पण मग होत का नाही?"

"तेच तं कळून नाई राह्यलं ना."

परीक्षेचा दिवस डिसेंबरातला. प्रयोगशाळा उत्तरेकडे तोंड करून, आत अंग आखडावं असा गारठा. मी शाल पांघरून मागच्या बाकावर बसले. माझ्या शेजारी वनितेचे आईबाबा. पहाटेच्या एसटीनं आले होते. आईच्या मांडीवर फडक्यात बांधलेला मोठा पितळी डबा होता. परीक्षा झाली की उमेदवाराच्या घरच्यांनी सगळ्यांना जेवू घालायचं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बाबा पांढरं धोतर नेसून ताठ बसले होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण मुलीच्या हातांवरची नजर त्यांनी काढली नाही.

वनितेनं नीट, न अडखळता सगळं सांगितलं. मग खाली तोटी असलेलं काचेचं बंद नरसाळं घेतलं. पकडण्याचा भाग झाला. स्वच्छ पाणी घालून हलवलं. दोन थर शांत होऊ दिले आणि वरच्या पाण्याचा थेंब प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरला. लिथियम असेल तर ज्योत लाल होते. सोडियमचा कण जरी असेल तर पिवळी, आणि तो पिवळा बाकी सगळे रंग झाकून टाकतो. घामाच्या बोटानं तार धरली तरी पिवळी.

ज्योत निळी होती. निळीच राहिली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "माझ्याकडेही असंच झालं," ते इंग्रजीत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच जास्त वाईट वाटलं. "आपण चहा घेऊ."

वनिता नरसाळ्याकडे बघत उभी होती. "मॅडम, मे मधी निघत होतं हो," ती म्हणाली. "देवाशपथ निघत होतं."

मावशी एका उंच स्टुलावर जाऊन बसली. पाय वर घेतले, गुडघे पोटाशी, शाल डोक्यावरून कानांपर्यंत ओढली. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या विचार करतात."

"मी लिथियम आहो," शालीतून आवाज आला. "पिंजऱ्यात बसली आहो. जोडीदार बाजूले आहे. ऊब आहे. बाहेरून कोणी म्हणून राह्यलं, ये, पाणी आहे, ये."  मग शालीतून नाक बाहेर आलं. "काऊन येईन मी? इतक्या गारठ्यात?"

ती स्टुलावरून उतरली. शाल खाली पडली.

"वने, मे मधी पाणी कुठलं घेत होती तू?"

"आपलंच, मॅडम. डिस्टिल्ड. कॅनमधलं."

"कॅन कुठी होती?"

"मागं. पत्र्याच्या शेडमधी."

"हात लावून पाह्यलं होतं का कधी त्या पाण्याले?"

"चटका बसत होता ना, मॅडम. फडकं धरून ओतत होती मी."

मावशी हसायला लागली. आधी आवाज न करता, मग टेबल धरून. वनितेला कळलं आणि तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. परीक्षकांना मात्र कुणी काही सांगेचना, म्हणून ते माझ्याकडे वळले आणि मी दोघींचं बोलणं इंग्रजीत सांगितल्यावर त्यांनी विचारलं,

"मे महिन्यात तुमच्याकडे पाणी किती गरम असतं?"

"गच्चीवरच्या टाकीचं ना?" मी म्हटलं. "संध्याकाळच्या आंघोळीचं सकाळीच बादलीत काढून ठेवावं लागतं. नाहीतर अंगावर घेता येत नाही."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला. मग वनितेला म्हणाले, "हे प्रबंधात का नाही लिहिलं?"

"सर, मे मधी पाणी गरम असते, हे काय लिहायचं?" वनिता अगदी मनापासून म्हणाली.

आता तेही हसले. कोट काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, पाणी मी तापवतो. तेच तापवू लागले. थर्मामीटर त्यांच्याच हातात होता आणि ते मावशीला दर थोड्या वेळानं विचारत, "आता एप्रिल झाला का?" "नाई, होळी झाली आता," मावशी सांगे. शेवटी तिनं बोट बुडवून चटकन बाहेर काढलं. "हां. हा मे आहे."

गरम पाणी घातल्यावर नरसाळं फार जपून हलवावं लागतं. क्लोरोफॉर्मची वाफ कोंडते. वनिता दर दोन हेलकाव्यांनंतर तोटी उघडायची, फुस्स आवाज व्हायचा आणि मागच्या बाकावर तिची आई दचकायची. थर वेगळे झाले. वनितेनं तार आम्लात बुडवून, ज्योतीत धरून, पुन्हा पुन्हा स्वच्छ केली. मावशीनं सगळ्यांना दोन पावलं मागे सरायला लावलं. "कोणी शिंकू नका. शिंकेत सोडियम असते."

ज्योत लाल झाली. पिकून उललेल्या तोंडल्याच्या आतला असतो ना, तसा लाल. पिवळ्याचा मागमूस नाही. परीक्षकांनी तार स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा केलं. पुन्हा लाल. त्यांनी वनितेला आणखी चारदोन प्रश्न विचारले, पण ते त्यांना उत्तर हवं म्हणून नव्हते, तिच्याशी बोलायला आवडत होतं म्हणून होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. मावशी, जिला कधी शब्दाची वाण पडली नाही, ती पडलेली शाल उचलून तिच्या घड्या घालत राहिली. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

बाबा बाकावरून उठून पुढे आले.

"झाली का जी पास आमची पोरगी?"

मावशीनं नुसती मान हलवली.

"मग दाखवा तं मले. कोणतं मीठ काढलं हिनं?"

वनितेनं राहिलेलं पाणी काचेच्या उथळ बशीत ओतून आटवलं. तळाशी पांढरी पुसटशी साय उरली, तीही बशी कलती धरली तरच दिसणारी. मावशीनं ती बशी दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली. आवाज तिला आता कुठे सापडला होता.

"लवकर पाहून घ्या भाऊ. हे हवेतलं पाणी पिते. थोड्या वेळानं ओलं होऊन जाईन."

त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पण दुसरं काई मिसळलं नाई ना याच्यात?"

"नाई भाऊ. दुसरं काईच नाई."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि मागे वळून बायकोला डबा उघडायची खूण केली.